पिवळ्या बनियनातला तारवाला: अंधेरी ते अंधेरी, तीन दिवस

नातसून परवा मोबाइलवरचा नकाशा नाचवत आली. "आजी, रविवारी आमचा ग्रुप सायकलवर निघतोय. अंधेरी, बोरिवली, घोडबंदर, ठाणे, मुलुंड, घाटकोपर, कुर्ला आणि परत अंधेरी. पहाटे निघायचं, जेवायला घरी!"

"आम्हाला याच फेरीला तीन दिवस लागले होते," मी म्हटलं.

"तीन दिवस? चालत गेला होतात का?"

चालत कशाला जाऊ? शर्यत होती ती. आणि मी तिची अधिकृत वेळाधिकारी होते, मांडीवर उशी, उशीवर गजराचं घड्याळ आणि हातात वही. नातसून इतकी हसली की मला रागच आला. म्हटलं, थांब, लिहूनच काढते. तुम्हीही त्या रस्त्याने निघणार असाल तर थोडा उपयोग होईल. निघणार नसाल तर चहा घेऊन बसा.

गोष्ट पन्नासच्या दशकातली. आमच्या वाचनालयाचे चिटणीस अप्पा. त्यांना रद्दीत एक इंग्रजी मासिक सापडलं, त्यात फ्रान्समधल्या मोठ्या सायकल शर्यतीची माहिती होती. अनेक टप्पे, रोजच्या वेळांची बेरीज, ज्याची बेरीज सगळ्यात कमी त्याने पिवळा सदरा घालायचा. सगळ्यात शेवटच्याला लाल कंदील म्हणतात. आणि उतरतात कोण, तर ज्यांचं पोट सायकलवर चालतं तेच. अप्पांनी चष्मा पुसला आणि जाहीर केलं, "हौशे, नवशे, गवशे नकोत. आपणही पोटासाठी सायकल मारणारेच घ्यायचे."

झालं. अंधेरी ते बोरिवली पहिला टप्पा, बोरिवली ते मुलुंड दुसरा, मुलुंड ते अंधेरी तिसरा. सगळं मिळून पन्नास मैलसुद्धा भरत नव्हतं. तीन दिवस का, तर मासिकात टप्पे होते म्हणून. मुक्काम स्पर्धकांच्या किंवा अप्पांच्या नातेवाइकांकडे. बक्षीस म्हणून एक पितळी पेला, त्याला तांबटाकडून दोन कान डागून घेतलेले. शिवाय नियम असा की प्रत्येकाने आपल्या धंद्याच्या पोशाखात आणि धंद्याचं सामान सायकलला लावून यायचं, नाहीतर लोकांनी ओळखायचं कसं?

पहिल्या वर्षीचा विजेता पेद्रू, वांद्र्याचा पाववाला. तो सवयीने पहाटे चारला निघाला. बाकीचे स्पर्धक नारळ फुटायची वाट बघत अंधेरीत उभे होते तेव्हा तो बोरिवलीत दात घासत होता. तीन दिवस तो असाच पुढे राहिला. वेळ कुणी लिहिलीच नव्हती, त्यामुळे पेला त्यालाच द्यावा लागला. दुसऱ्या वर्षी जिंकला शिवचरण, जोगेश्वरीच्या तबेल्यातला दूधवाला. दूध नासायच्या आत पोचायची ज्याला सवय, त्याच्याशी कोण पैज लावणार? एक धारवालाही उतरला होता. त्याची सायकल स्टँडवर चढवली की जागच्या जागी धार लावायची. भांडुपला कुणीतरी कात्री घेऊन आडवं आलं, तिथून तो दोन दिवसांनी घरी परतला.

आणि दोन्ही वर्षी शेवटचा कोण? माझा सख्खा थोरला भाऊ बाळू. आमचा दादा.

दादा टपाल खात्यात तारवाला. खाकी कपडे, खाकी टोपी, पट्ट्याला चामड्याची पिशवी. पाय असे की पेद्रू आणि शिवचरण दोघांना एका दमात मागे टाकेल. पण तो जोरात सायकल मारत आला की रस्त्याकडेच्या घरांतून बायका बाहेर यायच्या आणि रडायला लागायच्या. तार म्हणजे कुणीतरी गेलं, हे तेव्हा ठरलेलंच होतं. एकीने सूर लावला की शेजारणीही लावायच्या, कोण गेलं ते मागाहून विचारायच्या. दादाला दर फर्लांगावर उतरून हात जोडावे लागायचे, "अहो रडू नका, तार नाही, शर्यत आहे!" मालाडला एका घरातल्या सगळ्यांनी तर आंघोळी उरकल्या होत्या.

तिसऱ्या वर्षी शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी तो ओट्यावर चेन पुसत बसला होता. मी सहज म्हटलं, "दादा, तुला पेला हवाय तरी कशाला? घरात पेले काय कमी आहेत?"

"पेला खड्ड्यात गेला गं," तो म्हणाला. "आठ वर्षं झाली या नोकरीला. मला बघून पोरं घरात पळतात. एकदा, फक्त एकदा, मला येताना बघून लोकांनी टाळ्या वाजवाव्यात. बस."

तो हे हसत म्हणाला, पण मान वर केली नाही. मी रात्रभर विचार केला आणि सकाळी उपाय सापडला. पिवळा सदरा! पुढे असणाऱ्याला खाकी घालावी लागत नाही. म्हणजे पहिला टप्पा एकदा जिंकला की पुढचे दोन दिवस दादा तारवाला दिसणारच नाही. प्रश्न फक्त पहिल्या टप्प्याचा.

"शिवचरणच्या कॅनमागे लप," मी त्याला सांगितलं. "चार कॅन आहेत. तुझी टोपीसुद्धा दिसणार नाही."

पहिला दिवस. तेव्हाचा घोडबंदर रोड म्हणजे आताचा स्वामी विवेकानंद रोड. तुम्ही निघालात तर सहाच्या आत जोगेश्वरी पार करा, नाहीतर रिक्षांच्या मागे धूर खात बसाल. आमच्या वेळी दोन्ही बाजूंना झाडं, मधूनच भाताची खाचरं आणि कडेला बैलगाड्या. मी आणि अप्पा, गल्लीतल्या डॉक्टरांकडून मागून आणलेल्या जुन्या मोटारीत. मी वेळाधिकारी झाले कारण आधीचे वेळाधिकारी, म्हणजे अप्पा, यांनी दोन वर्षांत एकदाही वेळ लिहिली नव्हती. "मुलगी आहे, शिवाय एका स्पर्धकाची बहीण," असं कुणी कुणी कुरकुरलं. मी सांगितलं, वही कुणीही कधीही तपासा. मोटार चढावर अप्पा चालवायचे आणि मी ढकलायचे. उतारावर दोघं बसायचो.

दादा शिवचरणच्या मागे एक हात अंतरावर चिकटला तो गोरेगाव, मालाड, कांदिवली, सगळं पार होईपर्यंत सुटला नाही. वारा लागत नाही म्हणून त्याचे पायही दमले नाहीत. युरोपात यावर म्हणे मोठं शास्त्र आहे. आम्हाला ते रडारडीपायी सापडलं. शिवचरणला मात्र वैताग आला.

"अरे बाळू, पीछे क्या लगा है? मी काय म्हैस आहे काय?"

"तू पुढे बघ ना यार!"

कांदिवलीच्या पुढे एका बाईने शिवचरणचं हँडल धरलं, काल दुधात पाणी का होतं म्हणून. दादाने संधी साधली आणि तडक सुटला. शेवटच्या मैलात तीन घरं रडली, पण तोवर तो निघून गेलेला. दोन मिनिटांनी पहिला!

बोरिवलीत मुक्काम अप्पांच्या बहिणीकडे, गंगूकाकूंकडे. जेवायला वालाची उसळ, भात आणि ताक. पिवळा सदरा कुठून मिळणार म्हणून आमच्या आईने दादाचाच एक बनियन हळदीत रंगवून दिला होता. अप्पांनी तो समारंभाने दादाला घातला. दादा संध्याकाळभर तोच घालून बोरिवलीच्या बाजारात फिरून आला. कुणीही रडलं नाही. एकाने तर त्याला नवरदेव समजून रस्ता दिला.

दुसरा दिवस. सकाळी उठून बघतो तर दोरीवर बनियन लालभडक!

गंगूकाकू कंबरेवर हात ठेवून उभ्या. "घामाने आंबला होता. पाहुण्याला तसा कसा घालायला द्यायचा? सोडा घातला, साबण लावला, चांगला आपटला."

हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे पोरीसोरींनाही माहीत असतं. काकूंनाही होतं. पण बनियन हळदीचा आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. अप्पांनी पिशवीतून मासिक काढलं आणि कपाळाला हात लावला. "लाल म्हणजे शेवटचा! पुढच्याला लाल घालून कसं पाठवू? मासिकात तसं नाही."

"मग मी खाकी घालू?" दादाचा चेहरा पडला. पुढे चोवीस मैल, वाटेत गावं, प्रत्येक गावात बायका.

पेद्रू न्याहारीचा पाव चहात बुडवत म्हणाला, "अरे घाल ना लाल. नाताळचा म्हातारा पण लाल घालते."

अप्पा मानेनात. शेवटी काकूच म्हणाल्या, "एवढा गोंधळ कसला? आंबट ताकात बुडवा, येईल पिवळा." काल उरलेलं ताक होतंच. बनियन बुडवला आणि खरोखर, बघता बघता पिवळा झाला! फक्त वास शिळ्या ताकाचा. वाळवायला वेळ नव्हता. दादाने तो तसाच गार, ओला अंगात घातला आणि हू हू करत सायकलवर बसला. दहिसर नाका येईपर्यंत त्याच्याभोवती माश्यांचा घोळका जमला आणि त्याने मुलुंडपर्यंत साथ सोडली नाही.

हा टप्पा सगळ्यात देखणा. काशीमिऱ्यापासून डोंगर अंगावर येतो, पुढे डाव्या हाताला खाडी दिसायला लागते आणि गायमुखापाशी तर गाडी थांबवावीशीच वाटते. आता तिथे ट्रक आणि उड्डाणपूल आहेत, म्हणून उजेडात जा आणि हेल्मेट घाला. तेव्हा वाघाची भीती सांगायचे. वाघ काही दिसला नाही, पण वाटेत नीरेचं दुकान दिसलं आणि पेद्रू थांबला. सकाळची गार नीरा म्हणजे अमृत, मीही प्याले. पण नीरा सकाळचीच घ्यावी. ऊन चढलं की ती आपला स्वभाव बदलते, आणि पेद्रूने उरलेली बाटलीत भरून घेतली होती. ठाण्याला येईपर्यंत तो रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत असा चालला होता की बाकीच्यांपेक्षा दोन मैल तरी जास्त कापले असतील. दारूबंदीचा काळ. अप्पा मोटारीतून ओरडत होते, "सरळ चल रे, पोलीस पाहील!"

"रस्ताच वाकडा हाय, अप्पा!"

गायमुखाजवळच माझ्या मांडीवरचं घड्याळ ठणाणा वाजायला लागलं. गजर पहाटेचा लावलेला, काटा पुढे सरकला होता की काय कोण जाणे. टप्पा संपला समजून शिवचरण सायकलवरून उतरला आणि त्याने कपाळाचा घाम पुसला. दादाला घड्याळाचा स्वभाव माहीत असल्यामुळे तो थांबला नाही. शिवचरणने मला मुलुंडपर्यंत शिव्या दिल्या, तरी आदराने, "दीदी" लावून.

मुलुंडला दादा पुन्हा दोन मिनिटांनी पहिला. दोन दिवसांची बेरीज, चार मिनिटं पुढे! शिवाय आख्ख्या चोवीस मैलांत एकही बाई रडली नाही. पण टाळ्याही नव्हत्या. माश्या बघून लोक बाजूला व्हायचे, एवढंच. "उद्या वाजतील," दादा म्हणाला. "अंधेरीत पहिला शिरलो की सगळे वाजवतील. आई येणारे, ऑफिसातले येणारेत." मुलुंडला आम्ही अप्पांच्या मेहुण्यांकडे उतरलो. त्यांनी बनियन दारात काढायला लावला आणि दादाला अंगणात जेवायला वाढलं.

तिसरा दिवस. आग्रा रोड, म्हणजे आताचा लालबहादूर शास्त्री मार्ग. तेव्हा तो मोकळा होता. मुलुंड, नाहूर, भांडुप मागे पडलं. दादा पुढे, शिवचरण अर्धा मैल मागे. अप्पांचा आणि माझा बेत असा की मोटार दादाच्या मागे ठेवायची आणि कुर्ल्यानंतर पुढे काढून अंधेरी गाठायची. घाटकोपरला रस्त्याकडेच्या एका चाळीसमोर गर्दी दिसली. मला वाटलं, आली बाई, शर्यत बघायला माणसं आली!

जवळ गेल्यावर आवाज आला. रडत होती सगळी.

दादा तर पिवळ्या बनियनात. त्याला बघून कोण रडेल? पायरीवर एक म्हातारी बसली होती. तिच्या हातात तारेचा लिफाफा होता, बंद. घाटकोपरचा तारवाला तो देऊन पुढे गेला होता. घरातले पुरुष कामाला, इंग्रजी वाचणारं कुणी नाही आणि फोडायची कुणाची छाती होईना. मुलाला बोलवायला माणूस पाठवला होता. तोवर रडून घेत होते. सुनेने तर चूलही विझवून टाकली होती.

दादाला कुणी थांबवलं नाही. कुणी ओळखलंही नाही. तो सरळ निघून जाऊ शकत होता, मी शपथेवर सांगते. पण त्याने लांबूनच लिफाफा ओळखला आणि करकचून ब्रेक मारला.

"आजी, द्या इकडे."

म्हातारीने डोळे पुसले. "तू कोण रे बाबा? आणि अंगाला ताकाचा वास कसला?"

"तारवाला आहे, आजी. वाचतो."

त्याने लिफाफा फोडला, एक नजर टाकली आणि मोठ्याने म्हणाला, "मुलगा झाला! नागपूरहून आहे. बाळ-बाळंतीण खुशाल!"

म्हातारी म्हणाली, "परत वाच." त्याने परत वाचलं. सून म्हणाली, "वन्संचं नाव आहे का त्यात?" परत वाचलं. शेजारीण आली, तिला उशीर झाला होता, तिच्यासाठी परत. कुणीतरी विचारलं, "वजन लिहिलंय का?" लिहिलं नव्हतं, तरी खात्री करायला परत. तेवढ्यात शिवचरण मान खाली घालून कॅन खडखडवत बाजूने निघून गेला. मी मोटारीतून ओरडले, "दादा, चल!" अप्पा माझ्याहून मोठ्याने ओरडले.

दादा निघू पाहत होता, पण म्हातारीने त्याचा बनियन धरला. आनंदाची बातमी आणणाऱ्याला तोंड गोड केल्याशिवाय कसं सोडायचं? शिरा करते म्हणाली. चूल विझलेली. ती पेटवायला लाकडं शोधायला लागले. दादाने हात जोडले, पाया पडला, तेव्हा कुठे साखरेवर तडजोड झाली. साखरेचा डबा वरच्या फळीवर, फळीपर्यंत हात पोचणारा माणूस कामावर. शेवटी दादाच आत जाऊन स्वतःसाठीच डबा काढून घेऊन आला.

"एवढी कसली घाई रे तुला?" म्हातारीने त्याच्या तळव्यावर साखर ठेवत विचारलं.

"शर्यत चाललीय, आजी. मी पहिला होतो."

"अरे मेल्या! मग उभा काय राहिलास!"

आणि मग जे झालं ते मी अजून विसरले नाही. म्हातारीने त्याच्यावरून हात ओवाळून कडाकड बोटं मोडली. वाटेने जाणाऱ्या चार पुरुषांनी मागून सायकल ढकलली. आख्खी चाळ रस्त्यावर उतरली आणि टाळ्या वाजवायला लागली! ज्या बायका आत्ता रडत होत्या त्याच टाळ्या वाजवत त्याच्या मागे धावत होत्या, काहींच्या गालावरचं पाणी वाळलंही नव्हतं. समोरचे दुकानदार, त्यांना काही माहीत नाही, तेही वाजवायला लागले. दादाने एकदा मागे वळून बघितलं. तोंडात साखर होती, त्यामुळे हसता येईना. मी वहीत वेळ लिहिली. अकरा मिनिटं गेली होती.

कुर्ल्याला वळून साकीनाका, मरोळ, असा रस्ता दादाने कसा मारला ते त्याचं त्याला ठाऊक. आम्ही मोटार पुढे काढून कशीबशी आधी पोचलो. अंधेरीला शिवचरण पहिला आला. सात मिनिटांनी दादा. सात वजा चार. तीन मिनिटांनी पेला गेला.

आई आरतीचं तबक घेऊन उभी होती. ती माझ्यावर तडकली. "तुझ्या हातात घड्याळ होतं ना गं? सख्खा भाऊ आहे तुझा!" अप्पांनी सगळ्यांना घाटकोपरची हकिकत सांगितली आणि म्हणाले, "अकरा मिनिटं वजा करू. बाळू जिंकला." मला तेच हवं होतं, खोटं कशाला बोलू? मी पेन्सिल उचललीसुद्धा.

"वजा नको," दादा म्हणाला.

"का रे?"

"थांबलो ती माझी मर्जी. आणि अप्पा, माझं काम झालंय."

शिवचरण पेला पुढे करत होता. "ले ले ना बाळू. मी काय करू याचं?"

"दूध मापायला घे. तुझं माप तरी एकदा बरोबर होईल."

सगळे हसले, शिवचरण सगळ्यात जास्त. त्याने खरंच तो पेला मापाला लावला. तो नेहमीच्या मापापेक्षा मोठा निघाला आणि जोगेश्वरीतली गिऱ्हाइकं वर्षभर शर्यतीला दुवा देत होती.

ती शेवटचीच शर्यत. पुढच्या वर्षी अप्पांना रद्दीत नौकाविहाराचं मासिक सापडलं.

त्या रात्री आईने माझ्याशी अबोला धरला आणि मला वाढताना आमटी फक्त पाण्याची दिली. मी रडवेली होऊन दादाला म्हटलं, "चुकलं का रे माझं?" तो म्हणाला, "अकरा लिहिलीस तेच बरं केलंस. तेवढा वेळ टाळ्या वाजत होत्या, ती मिनिटं खोटी कशाला करायची?" टाळ्या काही अकरा मिनिटं वाजल्या नव्हत्या, पण मी त्याला दुरुस्त केलं नाही.

तुम्ही ही फेरी कराल तेव्हा वडे भांडुपला खा, पाणी भरपूर ठेवा, आणि कुणी आडवं आलं तर थांबा. घरी जेवायला उशीर होईल, होऊ दे.

दादाने नोकरी बदलली नाही. एक सवय मात्र बदलली. गल्लीत शिरला की तो घंटा वाजवत ओरडायला लागला, "शर्यत आहे, शर्यत!" म्हणजे ज्यांची तार नाही त्यांनी घाबरू नये. ज्या दारात द्यायची तिथे मात्र गप्प उतरायचा, टोपी काढायचा आणि लिफाफा फोडून वाचून होईपर्यंत थांबायचा. साहेब लोक रागवायचे, उशीर का होतो म्हणून. लग्न होऊन मी मुलुंडला गेले तेव्हा तो सुट्टीच्या दिवशी भेटायला यायचा, तोही खाकीतच, दुसरे कपडे त्याला सुचायचे नाहीत. कोपऱ्यावरूनच हाक यायची, "शर्यत गं, सुशे, शर्यत!" आणि मी हातातलं पीठ तसंच घेऊन गॅलरीत यायचे आणि तो खाली सायकलवरून उतरेपर्यंत टाळ्या वाजवायचे.